तोळ्यामागे अकरा किलो सोमल

३ जून १९४८ रोजी कॅनडाच्या उत्तरेकडच्या येलोनाइफ या खाणगावात जायंट खाणीची पहिली सोन्याची वीट ओतली गेली. पुढच्या अर्ध्या शतकात या एका खाणीने सुमारे ७० लाख औंस, म्हणजे २१८ टनांच्या आसपास सोने दिले. ते केव्हाच जगभर पांगले. त्याच खडकातून निघालेला दुसरा जिन्नस मात्र गाव सोडून गेला नाही. आर्सेनिक ट्रायऑक्साइड, ज्याला आपल्याकडे सोमल म्हणतात, तो २ लाख ३७ हजार टन तिथल्याच जमिनीखाली पडून आहे. सोन्याशी त्याचा हिशोब लावला तर दहा ग्रॅमच्या तोळ्यामागे जवळपास अकरा किलो सोमल पडतो. धडधाकट माणसाचा जीव जायला त्यातली चिमूट पुरते.

अशा हकिकती सांगताना ‘त्या काळी कुणाला कल्पना नव्हती’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. जायंटच्या बाबतीत ती सोय नाही. कल्पना होती, उपाय माहीत होते आणि यंत्रेही बाजारात मिळत होती. तरीही पन्नास वर्षे जे झाले त्याला विषाचा बंदोबस्त म्हणता येत नाही. विष फक्त जागा बदलत राहिले. आधी आभाळात गेले, मग जमिनीत.

येलोनाइफ ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तर काठावर वसले आहे. आर्क्टिक वृत्त तिथून साधारण ४०० किलोमीटरवर. हिवाळ्यात पारा उणे चाळिसापर्यंत उतरतो आणि सरोवर महिनोन्‌महिने गोठलेले असते. हा मुलूख येलोनाइव्ह्ज डेने लोकांचा. मासे, हरणांची शिकार आणि उन्हाळ्यातली रानफळे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. १९०० मध्ये त्यांनी कॅनडाच्या सरकारशी करार केला होता, पण तेव्हा त्या खडकात सोने आहे याची चर्चा कुणी केली नव्हती. १९३० च्या दशकात सोने शोधणारे तिथे पोचले. डेने लोकांत एक हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांच्यातल्या एका बाईला रानफळे वेचताना चमकदार दगड सापडला, आणि एका गोऱ्या शोधकाने तो घेऊन बदल्यात तिला चुलीच्या धुराड्याचे नळ दिले. कागदोपत्री याचा पुरावा मागणारे मागोत. पुढे त्या जागी जे धुरांडे उभे राहिले ते पाहता हा व्यवहार डेने लोकांच्या आठवणीत का टिकला, हे समजायला पुरावा लागत नाही.

जायंटच्या जागेवर १९३५ मध्ये हक्काचे खुंट ठोकले गेले. शेजारची कॉन खाण १९३८ मध्ये सोने देऊ लागली. मग महायुद्ध आले, माणसे आणि यंत्रे दुसरीकडे गेली आणि जायंट रखडली. १९४४ मध्ये बेकर नाल्याच्या खोऱ्यात छिद्रे पाडून पाहिल्यावर खाली सोन्याचा मोठा पट्टा असल्याचे कळले, आणि युद्ध संपताच येलोनाइफमध्ये शोधकांची झुंबड उडाली.

पण हे सोने सरळ हाती येणारे नव्हते. आपल्या कोलारच्या खाणीत सोने बऱ्याच अंशी मोकळे होते, गारगोटीच्या शिरांमध्ये बारीक कणांच्या रूपात. असा खडक कुटायचा, सोने पाऱ्याने धरायचे आणि उरलेल्या भुकटीवर सायनाइडचे पातळ द्रावण फिरवायचे. सायनाइडची ही पद्धत ग्लासगोच्या जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये शोधली आणि तिने जगभरच्या सोन्याच्या धंद्याचे गणित बदलले. कोलारमध्ये त्या गाळाच्या टेकड्या आजही उभ्या आहेत. जायंटचे सोने मात्र आर्सेनोपायराइट नावाच्या खनिजाच्या पोटात अडकलेले होते. लोह, आर्सेनिक आणि गंधक यांचे हे संयुग. त्याच्या स्फटिकात सोने इतके बारीक विखुरलेले असते की खडक पिठासारखा दळला तरी सायनाइड त्याच्यापर्यंत पोचत नाही. खाणवाले अशा खनिजाला रिफ्रॅक्टरी म्हणतात.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे खनिज भाजणे. ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवले की गंधक आणि आर्सेनिक वायू होऊन उडून जातात आणि मागे सच्छिद्र लोहभस्म उरते. त्यात सायनाइड सहज शिरते. वर उडालेले आर्सेनिक हवेतल्या प्राणवायूशी जुळून ट्रायऑक्साइड बनते आणि थंड होताच त्याची पांढरी भुकटी पडते. तिला चव नाही, वास नाही आणि ती पाण्यात विरघळते. सगळ्या गोष्टीचा कणा हा विरघळण्याचा गुणच आहे.

आता, भाजताना हे होणार हे १९४९ मध्ये जायंटची भट्टी पेटली तेव्हा ठाऊक होते का? इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या तांब्याच्या खाणीने एकोणिसाव्या शतकात हाच धूर नागमोडी बोगद्यांतून फिरवून सोमल गोळा केला आणि विकला. भिंतींवर साचलेली भुकटी खरवडणारे कामगार उघड्या अंगावर चिकणमाती थापत आणि नाकात कापसाचे बोळे घालत. अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या अ‍ॅनाकोंडा इथे १९०२ मध्ये तांब्याची नवी भट्टी सुरू झाली, आणि काही महिन्यांतच खालच्या दरीतली गुरे आणि घोडे मरू लागले. धुराबरोबर आलेले आर्सेनिक गवतावर बसत होते. कंपनीने भरपाई दिली, धुराड्याची उंची वाढवली, शेतकरी कोर्टात गेले, खटला वर्षानुवर्षे चालला. त्याच सुमारास, १९०७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॉटरेलने धुरातले कण विजेच्या भाराने पकडणारे यंत्र शोधून काढले होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अ‍ॅनाकोंडाच्या नव्या धुराड्याला हे कॉटरेल यंत्र लागलेही. (पेटंटचे उत्पन्न या गृहस्थाने विज्ञान संशोधनाला देऊन टाकले. धातूच्या धंद्याच्या इतिहासात असे उल्लेख क्वचितच करायला मिळतात.) स्वीडनच्या बोलिडेन इथे १९२४ मध्ये सोने, तांबे आणि भरपूर आर्सेनिक एकत्र असलेले खनिज सापडले; त्यासाठी १९३० मध्ये रॉनस्कार इथे भट्टी उभी राहिली, आणि न खपणाऱ्या सोमलाचे ढीग कुठे ठेवायचे हा प्रश्न तिथल्या व्यवस्थापकांना लगेच पडला.

म्हणजे जायंटची भट्टी पेटण्यापूर्वी या विषयाचा सगळा पाठ जगाने गिरवून झाला होता.

जानेवारी १९४९ मध्ये भट्टी पेटली. धुराड्यावर गाळणीही नव्हती आणि कॉटरेलही नव्हते. रोज सुमारे साडेसात हजार किलो सोमल, एक मालट्रक भरेल इतका, येलोनाइफच्या हवेत जात होता. हिवाळ्यात तो बर्फावर बसे. आणि उत्तरेकडे बर्फ म्हणजेच पाणी. डेने कुटुंबे हिवाळ्यात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बर्फ वितळवत. त्यांची वस्ती खाणीच्या जवळच, सरोवराच्या खाडीतल्या लॅथम बेटावर होती. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले की महिनोन्‌महिने साठलेला सोमल एकदमच पाण्यात उतरे.

एप्रिल १९५१ मध्ये लॅथम बेटावरचे दोन वर्षांचे एक डेने मूल आर्सेनिकच्या विषबाधेने दगावले. कंपनीने कुटुंबाला ७५० डॉलर दिले. कुत्री आणि गुरे मेल्याच्या, माणसे आजारी पडल्याच्या हकिकती त्याच काळातल्या आहेत. अधिकाऱ्यांनी बर्फाचे पाणी वापरू नये अशा सूचना स्थानिक वर्तमानपत्रात इंग्रजीतून छापल्या. ज्यांना त्या पाण्यावाचून दुसरे पाणी नव्हते, त्यांतल्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. ओटावातल्या आरोग्य खात्यात चिंता व्यक्त झाली, पत्रापत्री झाली, पण भट्टी एक दिवसही बंद ठेवण्याची सक्ती झाली नाही. उत्तरेचा विकास सोन्यावर उभा राहणार होता, आणि राजधानीतून पाहिले तर लॅथम बेट फार दूर होते.

१९५१ च्या अखेरीस कॉटरेल यंत्र बसले. म्हणजे भट्टी पेटल्यावर जवळपास तीन वर्षांनी, आणि यंत्राचा शोध लागल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी.

पकडलेल्या भुकटीचे करायचे काय, हा आता प्रश्न होता. सोमल विकता आला असता, कीटकनाशकांत तो वापरला जाई. पण युद्धानंतर डीडीटीसारखी नवी रसायने आली आणि इतक्या दूरच्या, इतक्या मोठ्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. कंपनीने सुचवले की तो खाणीतच ठेवावा. सोने काढून रिकाम्या झालेल्या पोकळ्या होत्या, काही कप्पे मुद्दाम खोदता येणार होते. नळातून हवेच्या दाबाने भुकटी आत सोडायची आणि तोंडाला काँक्रीटची भिंत घालायची. पाणी लागले तर ती विरघळेल, हे सगळ्यांना दिसत होते. त्यावर उत्तर होते जमीन. येलोनाइफच्या भागात जमिनीचे काही पट्टे बाराही महिने गोठलेले असतात. कप्प्यांभोवतीची जमीन गोठलेली राहील, काही ठिकाणी उष्णतेने सुटली तरी काम संपल्यावर पुन्हा गोठेल, आणि गोठलेल्या खडकातून पाणी वाहत नाही. केंद्र सरकारच्या तज्ज्ञांनी या युक्तिवादाला मान डोलावली.

युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता, पण त्यात एक मोठी फट होती. येलोनाइफची गोठण तुटक आहे, सलग नाही, आणि जिथे आहे तिथेही ती शून्याच्या जेमतेम खाली असते. खाण म्हणजे सतत आत येणारी हवा, यंत्रांची उष्णता, छिद्रे पाडताना वापरलेले पाणी, त्यात भर म्हणून भट्टीतून आलेली ऊनऊन भुकटी. ज्या थंडीवर सगळा भरवसा होता तीच खाण चालवल्याने हळूहळू उतरत गेली. १९७० च्या दशकात जायंटने वरून उघड्या खड्ड्यांतून खनिज काढायला सुरुवात केली आणि काही कप्प्यांवरचे खडकाचे छतही पातळ झाले. बेकर नाला तर सगळ्या खाणीमधूनच वाहतो.

या काळात धूर मात्र खरोखर आटोक्यात आला, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९५८ मध्ये कापडी पिशव्यांची मोठी गाळणी, ज्याला बॅगहाउस म्हणतात, बसवली गेली. गरम धुरातली सोने असलेली धूळ आधी कॉटरेलने धरायची, मग धूर थंड करून सोमलाची भुकटी पिशव्यांत अडवायची, अशी ती रचना होती. हवेत जाणारे आर्सेनिक झपाट्याने घटले. खाणीच्या आयुष्यात एकंदर सुमारे २० हजार टन सोमल हवेत गेला आणि त्यातला बहुतेक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच. पण गाळणी जितकी चांगली चालली, तितके जमिनीखालचे कप्पे लवकर भरत गेले. चौदा-पंधरा कप्पे आणि पोकळ्या भरल्या. आकड्यांच्या तक्त्यात प्रदूषण कमी झालेले दिसत होते, कारण तक्त्यात फक्त धुराड्याचा रकाना होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस येलोनाइफ नगरपालिकेने खाडीचे पाणी पिणे सोडले. सरोवराच्या तळाशी सुमारे आठ किलोमीटरची नळवाट टाकून खाणीच्या वरच्या अंगाला असलेल्या येलोनाइफ नदीतून पाणी आणले गेले. १९६७ मध्ये हे गाव वायव्य प्रदेशांची राजधानी झाले होते. राजधानीला शंकास्पद पाणी शोभले नसते. जानेवारी १९७५ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय रेडिओने सरकारने आर्सेनिकबद्दलची माहिती दडपल्याचा आरोप केला. मग आदिवासींची राष्ट्रीय संघटना आणि पोलाद कामगारांची युनियन यांनी मिळून केसांचे नमुने तपासायला घेतले, सरकारनेही एक स्वतंत्र समिती नेमली. आदिवासी आणि खाण कामगार एका बाजूला उभे राहण्याचा प्रसंग खाणींच्या इतिहासात विरळा.

आता थोडे कॉन खाणीकडे वळू. जायंटचे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांतल्या थोड्यांनाच ती ठाऊक असते, पण माझ्या मते या गोष्टीचे मर्म तिथे आहे. कॉनचे खनिजही तसेच, तिथेही भट्टी होती आणि तिथेही सोमल निघाला. कॉनने धूर पाण्याने धुतला. त्यामुळे जो गाळ झाला तो उघड्या तळ्यांत साठवला. दिसायला ओंगळ, वासालाही बरा नसावा, आणि सुरक्षित तर नव्हताच. १९७० मध्ये कॉनची भट्टी बंद झाली, गाळ राहिला.

दरम्यान जगात सोन्याच्या खनिजाचे रसायन पुढे सरकत होते. कॅलिफोर्नियातल्या मॅकलॉफ्लिन खाणीत होमस्टेक कंपनीने १९८५ मध्ये सोन्याचे खनिज भाजण्याऐवजी ऑटोक्लेव्हमध्ये घालायला सुरुवात केली. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक अवाढव्य प्रेशर कुकर. आतून विटांचे अस्तर, आत पाण्यात कालवलेले खनिज, त्यात शुद्ध प्राणवायू, तापमान दोनशे अंशांच्या आसपास. गंधकाचा वायू होत नाही, त्याचे आम्ल होते. आर्सेनिक उडून जात नाही, तर लोहाशी जोडले जाऊन फेरिक आर्सेनेट बनते. लोह पुरेसे असेल आणि परिस्थिती नीट राखली तर हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. निसर्गात ते स्कोरोडाइट नावाच्या हिरवट दगडाच्या रूपात सापडते. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत हेच काम जिवाणूंकडून करून घ्यायची पद्धत कारखान्याच्या पातळीवर सुरू झाली. लोह आणि गंधक खाऊन जगणारे हे जिवाणू चाळीस अंशांच्या आसपासच्या आम्लात आर्सेनोपायराइट फोडतात आणि आर्सेनिक द्रावणात उतरते. मग चुना घालून ते लोहाबरोबर खाली बसवायचे. वेळ लागतो, पण धुरांडे लागत नाही.

दोन्ही पद्धतींचा गाभा एकच आहे. विष किती निघाले यापेक्षा ते कोणत्या रूपात बाहेर पडले, हा खरा प्रश्न. भट्टीतून ते पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीच्या रूपात निघते आणि त्याला जन्मभर राखण लागते. ऑटोक्लेव्हमधून ते दगडासारखे होऊन निघते. या दगडालाही तळे, बांध आणि तपासणी लागते. कुणी खाणवाला ‘आता काहीच काळजी नाही’ म्हणू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण पाऊस पडला म्हणून गावाची झोप उडत नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉनने ऑटोक्लेव्ह बसवला. नवीन खनिजाबरोबर तळ्यांतला जुना आर्सेनिकचा गाळही त्यात घातला गेला आणि त्याचे टिकाऊ संयुगात रूपांतर झाले. जो गाळ डोळ्यांसमोर होता तो उपसता आला. जायंटची भुकटी मात्र काँक्रीटच्या भिंतींमागे गेलेली, आणि वरचे छप्पर कधी खचेल याचा भरवसा नाही. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ २ लाख ३७ हजार टनांची निघाली.

जायंटने आपली भट्टी शेवटपर्यंत बदलली नाही. मालक मात्र बदलत गेले. १९९० मध्ये ती रॉयल ओक माइन्स कंपनीकडे आली. १९९२ च्या मे महिन्यात कामगारांशी वाद पेटला, कंपनीने बाहेरून बदली कामगार आणून खाण चालू ठेवली, आणि १८ सप्टेंबर १९९२ रोजी जमिनीखाली पेरलेल्या स्फोटात नऊ माणसे मेली. एका संपकरी कामगाराला १९९५ मध्ये शिक्षा झाली. कॅनडात जायंट हे नाव बहुतेकांना या स्फोटामुळेच आठवते. एका दिवसात गेलेले नऊ जीव बातमी होतात. पन्नास वर्षे साचणाऱ्या भुकटीला तसा दिवस नसतो.

१९९९ मध्ये रॉयल ओक दिवाळखोरीत गेली. भट्टी विझली. केंद्र सरकारने खाण ताब्यात घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मिरामार कंपनीला दहा डॉलरला विकली. दहा डॉलर. जुन्या प्रदूषणाची जबाबदारी सरकारकडे ठेवून. मिरामारकडे कॉन खाणही होती. २००४ पर्यंत जायंटचे उरलेसुरले खनिज ट्रकमध्ये भरून गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉनच्या गिरणीत नेले जात होते. अर्धशतकानंतर जायंटचा दगड भट्टीत न जाता सोने देऊ लागला, पण तोवर खाण संपत आली होती.

मग सरकारी तज्ज्ञांनी पन्नासहून अधिक पर्याय तपासले. भुकटी बाहेर काढावी तर काढणाऱ्या माणसांचे काय, धूळ उडाली तर गावाचे काय, आणि काढून ठेवायची कुठे? आहे तशी ठेवून पाणी उपसत राहावे तर पंप कधीच बंद करता येणार नाही. शेवटी निवडलेला उपाय म्हणजे १९५१ चीच कल्पना, फक्त या वेळी निसर्गावर न सोडता यंत्रांनी राबवलेली. कप्पे कृत्रिमपणे गोठवायचे. त्यासाठी थर्मोसायफन नावाच्या उभ्या नळ्या जमिनीत रोवतात. नळीत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड असतो. खाली जमिनीची उष्णता घेऊन तो उकळतो, वर येतो, हिवाळ्यातल्या थंड हवेत उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो आणि खाली ओघळतो. पंप नाही, वीज नाही. येलोनाइफच्या थंडीत ही नळी आपोआप चालते. अशा शेकडो नळ्या लावून प्रत्येक कप्प्याभोवती बर्फाचे कवच करायचे, अशी योजना ठरली.

पण किती काळ? आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, किरणोत्सारी पदार्थासारखे ते काळाबरोबर क्षीण होत नाही. सरकारच्या आराखड्यात उत्तर होते कायमचे. डेने नेत्यांना आणि गावकऱ्यांना ते मान्य झाले नाही. २००८ मध्ये येलोनाइफ नगरपालिकेने प्रकल्पाचे पूर्ण पर्यावरणीय मूल्यांकन व्हावे अशी मागणी केली, आणि ते प्रकरण सहा वर्षे चालले. मॅकेन्झी खोऱ्याच्या मूल्यांकन मंडळाने जून २०१३ मध्ये अहवाल दिला. गोठवा, पण जास्तीत जास्त शंभर वर्षांसाठी, आणि दरम्यान कायमचा उपाय शोधण्यावर पैसा खर्च करा, असे त्याने सांगितले. कामावर सरकारबाहेरच्या माणसांचे लक्ष असावे, हेही त्याने घातले. २०१४ मध्ये मंत्र्यांनी ते मान्य केले आणि २०१५ मध्ये स्वतंत्र देखरेख मंडळ स्थापन झाले. सरकारी प्रकल्पाला अशी मुदत घालून देणारा निवाडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘कायमचे’ म्हटले की आज कुणावरच काही बंधन राहत नाही; शंभर वर्षे म्हटली की काम सुरू करावे लागते.

आता त्या देखरेख मंडळाच्या पैशातून भुकटीची काच करण्याचे प्रयोग चालले आहेत. सोमल इतर खनिजांबरोबर वितळवून काचेत कोंडला की तो पाण्यात सहज उतरत नाही. प्रयोगशाळेत हे जमते. २ लाख ३७ हजार टन भुकटी जमिनीखालून सुरक्षित उपसणे हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. दुसरीकडे इतिहासकार आणि डेने वडीलधारे एका वेगळ्याच विषयावर एकत्र बसले: शंभर, पाचशे, हजार वर्षांनी इथे येणाऱ्या माणसाला, जो कदाचित आजची कुठलीच भाषा जाणत नसेल, खाली विष आहे हे सांगायचे कसे? १९५१ मध्ये वर्तमानपत्रातली इंग्रजी सूचना शेजारच्या बेटापर्यंत पोचली नव्हती, तेव्हा हा प्रश्न त्यांना पोकळ वाटला नसणार.

खाणीपासून सुमारे १७ किलोमीटरच्या परिघातल्या तळ्यांत आर्सेनिकचे प्रमाण आजही वाढलेले आढळते. त्यांतल्या काहींचे पाणी पिऊ नये आणि मासे खाऊ नयेत, असे सरकारी आरोग्य खाते सांगते. भट्टीची इमारत २०१३-१४ मध्ये संपूर्ण संरक्षक पोशाखातल्या कामगारांनी तुकड्या-तुकड्यांनी उतरवली. मुख्य सफाई २०२१ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. २०१२ च्या सुमारास खर्चाचा अंदाज ९० कोटी डॉलरच्या वर होता. २०२२ मध्ये तो ४३८ कोटी कॅनडियन डॉलर झाला, आपल्या पैशात पंचवीस हजार कोटी रुपयांहून जास्त. येलोनाइव्ह्ज डेने लोकांनी सरकारकडे माफी आणि भरपाईची मागणी लावून धरली आहे. सोने नेणारी शेवटची मोठी कंपनी दिवाळखोरीत विरून गेली, आणि सफाईचे बिल कॅनडाचे करदाते भरत आहेत.